प्रमाणपत्र भिंतीवर, फाईल मात्र उघडेना

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकातला संगणक शिक्षणावरचा लेख वाचला. लेखक महाशयांना शाळाशाळांत संगणक दिसले. आम्हालाही दिसतात, कव्हराखाली झाकलेले. चावी मुख्याध्यापकांकडे आणि मुख्याध्यापक मीटिंगला. योजनेतून आलेले संगणक शिक्षक पाच वर्षांचा करार संपला तसे घरी गेले. पुढे तो तास कोण घेतं, हे मुलांना विचारा.

पण माझा राग वेगळा आहे. मुलीला पुण्यात प्रवेश मिळाला. तिथल्या कॉलेजने आधीच्या कॉलेजचं एक पत्र संध्याकाळपर्यंत मेलने मागवलं. इथल्या क्लार्क भाऊसाहेबांनी एका बोटाने का होईना, टाईप करून वर्डची फाईल पाठवली. तासाभरात पुण्याहून फोन : हे काय पाठवलंय? इंग्रजी अक्षरं, कंस, स्वल्पविराम, मराठीचा पत्ता नाही. मी धावत गेलो. भाऊसाहेबांनी मॉनिटर माझ्याकडे फिरवला. "माझ्याकडे तर बरोबर दिसतंय ना! त्यांचाच कॉम्प्युटर खराब असेल." पीडीएफ करून पाठवा म्हटलं, तर ते म्हणाले, "त्याला प्रिंटर चालू पाहिजे, आणि आता लाईट नाही." मॉनिटर मात्र इन्व्हर्टरवर झकास चालू होता. त्यांच्या मागे भिंतीवर एमएस-सीआयटी या संगणक कोर्सचं प्रमाणपत्र, फ्रेम करून!

शेवटी स्टँडसमोरच्या झेरॉक्सवाल्या पोराला फाईल दाखवली. "काका, हाई फॉन्टनी भानगड शे." जुन्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्याच जागी मराठी अक्षरांची चित्रं बसवलेली असतात, समोरच्याकडे तो फॉन्ट नसला की खालचं इंग्रजी उघडं पडतं, असं त्याने स्क्रीनवरच दाखवलं. मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर मराठीच दिसेल अशा पद्धतीत फिरवला, पीडीएफ केली, तीस रुपये घेतले. मग ती भाऊसाहेबांच्याच मेलवरून पाठवायला मी परत कॉलेजात! पोरगा बारावी नापास आहे. त्याला नोकरीत कोणी घेणार नाही, कारण त्याच्याकडे फ्रेम नाही.

एमएस-सीआयटी २००१ साली सुरू झाली. पगारवाढ अडेल या धाकाने कर्मचाऱ्यांनी ती रांगा लावून पास केली, त्यालाही आता जमाना झाला. युनिकोड वापरा म्हणून शासनाची परिपत्रकं आहेत. टायपिंगच्या परीक्षेत मिनिटाला ३० मराठी शब्द मोजतात. पण टाईप केलेलं पुण्यात उघडतं का, हे कोण मोजतं? लेखक म्हणतात, अजून कोर्स काढा. काढा की! क्लासवाल्यांचं भलं होईल. त्यापेक्षा आठवीच्या पोरांकडून दर शनिवारी एक मराठी अर्ज टाईप करून दुसऱ्या शाळेला मेल करून घ्या. तिकडे उघडला तर मार्क, नाही तर नाही.

जाता जाता आपल्याबद्दलही. 'पत्रे युनिकोडमध्येच पाठवावीत' अशी सूचना आपण रोज छापता. केळी पीकविम्यावरचं माझं मागचं पत्र मी तसंच पाठवलं होतं. छापून आलं तेव्हा त्यातल्या प्रत्येक 'शेतकऱ्याचा' 'शेतकर्याचा' झाला होता आणि गावात लोक मलाच शुद्धलेखन शिकवत होते. आपल्या कचेरीतही कोणी भाऊसाहेब असतील, तर त्यांना त्या झेरॉक्सवाल्याकडे पाठवा. दुकान रात्री नऊपर्यंत उघडं असतं.

आपला,
एक पालक, अमळनेर