माचूपिचूच्या आधी सुरिनाम बघ

चि. मंदार,
अनेक आशीर्वाद.

तुला जायचंय त्या पेरू देशातल्या माचूपिचूचे फोटो पाहिले. सुंदर आहे, पण तिथे सगळं जग लोटतं. अ‍ॅमस्टरडॅमहून पारामारिबोला, म्हणजे सुरिनामच्या राजधानीला, थेट विमान जातं, तर तू आधी सुरिनामला जावंस असं मला वाटतं. दक्षिण अमेरिकेतला हा सगळ्यात छोटा स्वतंत्र देश, १९७५ पर्यंत डचांच्या ताब्यात होता.

हेगला तुझ्याकडे आले होते तेव्हा आपण ती सुरिनामी रोटी खाल्ली, आठवतं? बटाटा, चवळीच्या शेंगा, अंडं आणि चिकन. गल्ल्यावरच्या बाई भोजपुरीसारखं काही बोलत होत्या. मी हिंदीत विचारलं तर खळखळून हसल्या आणि डच विसरून सुरूच झाल्या! घरी आल्यावर मी त्यांच्या लोकांबद्दल वाचत बसले.

१८६३ मध्ये तिथली गुलामगिरी कायद्याने संपली. तरी सुटलेल्यांना आणखी दहा वर्षं करारावर राबवलं. ती मुदत संपली तेव्हा मळेवाल्यांना नवे हात हवे होते. ५ जून १८७३ ला ‘लल्ला रूख’ जहाज कलकत्त्याहून पहिले मजूर घेऊन पोचलं. १९१६ पर्यंत सुमारे चौतीस हजार माणसं गेली, बहुतेक पूर्व उत्तर प्रदेश-बिहारची. आपल्याकडची नव्हेत, पण पाच वर्षांच्या करारावर गेलेल्यांपैकी बरेच जण तिथलेच का झाले, हे जागेवर जाऊन समजून घ्यावंसं वाटतं. पारामारिबोत या मजुरांच्या आठवणीचा ‘बाबा आणि माई’ हा पुतळा आहे. तो बघच.

तिथून सुरिनाम नदी ओलांडून कोमेवाइन नदीकाठच्या मारिएनबुर्गला जा. आता साखर कारखान्याचं नुसतं गंजलेलं लोखंड उरलंय. १९०२ मध्ये मजुरी कापल्यावरून तिथे दंगा झाला. मजुरांनी व्यवस्थापकाला मारलं आणि सैनिकांच्या गोळीबारात चोवीस मजूर मेले. या जागेसाठी एक अख्खा दिवस ठेव. बाकी सगळं घाईत उरकलंस तरी चालेल.

जुनं शहर लाकडी आहे, जागतिक वारशाच्या यादीतलं. कायझरस्ट्राट रस्त्यावर मशीद आणि यहुद्यांचं प्रार्थनामंदिर अगदी शेजारीशेजारी आहेत. जावाहून नेलेल्यांचे वंशज साओतो सूप विकतात, तेही चाख. पळून गेलेल्या गुलामांच्या वंशजांची गावं आत नदीकाठी आहेत. देशाचा नव्वद टक्क्यांहून जास्त भाग जंगल आहे, म्हणून आत स्थानिक वाटाड्याशिवाय जाऊ नकोस. एवढं माझं ऐक. एप्रिल-मेमध्ये गेलास तर गालिबीला समुद्रकासवं अंडी घालायला येतात, ती दिसतील.

पीतज्वराची लस आधीच घे, मच्छरदाणी ने. बाबांना पेरू देशच आवडतो, त्यांचं पुढच्या खेपेला बघू. तिकीट काढलंस की लगेच फोन कर.

तुझी,
आई