संगणक निर्लेखित करण्याआधी : शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

मा. शिक्षणमंत्री महोदय,
सादर नमस्कार.

विंडोज १० चा नियमित सपोर्ट, म्हणजे सुरक्षेचे अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि त्यातल्या त्यात नवा प्रोसेसर लागतो. शाळांमधले कितीतरी चालू संगणक या अटीत बसत नाहीत. ते निर्लेखित करण्याचे, म्हणजे नोंदीतून काढून मोडीत टाकण्याचे, प्रस्ताव आपल्याकडे येतील. सही करण्याआधी हे पत्र वाचावं, ही विनंती.

मागच्या महिन्यात भाचीसाठी असाच एक लॅपटॉप हाती घेतला. ४ जीबी रॅम, उघडायला पाच-पाच मिनिटं. हार्ड डिस्क काढून एसएसडी ही वेगवान डिस्क बसवली, विंडोजऐवजी चालणाऱ्या लिनक्स मिंट या मोफत सिस्टिमची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती पेन ड्राइव्हवर घेतली आणि एफ१२ दाबून लॅपटॉप त्यावरूनच सुरू (बूट) केला. डिस्कवर काहीही न बदलता सगळं आधी चालवून बघता येतं, ही ‘लाइव्ह’ सोय मला लाखमोलाची वाटते. आवाज आला, कॅमेरा चालला, टचपॅड चालला. वाय-फाय मात्र दिसेना. तरी इन्स्टॉल करून टाकलं. मग मोबाइल यूएसबी केबलने जोडून त्याचं इंटरनेट लॅपटॉपला दिलं, ड्रायव्हर मॅनेजर उघडला, वाय-फाय चालवणारा जो ड्रायव्हर (छोटा प्रोग्राम) त्याने सुचवला तो घेतला आणि रीस्टार्ट केलं. वाय-फाय आलं. भाची आता त्यावर पायथन शिकते.

महोदय, सगळी मेख त्या केबलपाशी आहे. ती युक्ती ठाऊक नसलेले शिक्षक तिथेच थांबतील, ‘लिनक्स चालत नाही’ म्हणतील, आणि त्यात त्यांची काहीच चूक नसेल. म्हणून आधी माणसं तयार करा. लायसन्सचा प्रश्नच नाही, एका पेन ड्राइव्हवर अख्खी लॅब होते. वाचलेला पैसा प्रत्येक शाळेतल्या एका तरी शिक्षकाच्या प्रशिक्षणावर लावा.

घाईही नको. फ्रान्सच्या जांदार्मरी या पोलीस दलाने २००५ मध्ये आधी फक्त ऑफिस सॉफ्टवेअर बदलून ओपनऑफिस हे मोफत सॉफ्टवेअर घेतलं, त्यानंतर फायरफॉक्स ब्राउझर आणि ईमेलसाठी थंडरबर्ड. हात बसल्यावर, २००८ पासून, उबुंटू या लिनक्सकडे वळायला सुरुवात केली. रोजचे प्रोग्राम तेच राहिले, खालची सिस्टिम तेवढी बदलली. जर्मनीतल्या म्युनिक महापालिकेने मात्र हजारो संगणक लिनक्सवर नेऊनही २०१७ मध्ये विंडोजकडे परतायचं ठरवलं. हे उदाहरण आपल्याला नक्की ऐकवलं जाईल, म्हणून मीच सांगतो. पुढचं नेतृत्व पाठीशी राहिलं नाही तर चांगली घडी विस्कटते.

आणखी एक. एका सरकारी अर्जावर डिजिटल सही करायला मला फक्त विंडोजवर चालणारी एक्सई फाइल उतरवायला सांगितलं गेलं. अर्ज नागरिकाचा, मग सिस्टिमची सक्ती का? आपल्या खात्याचे नमुने आणि तक्ते निदान ओडीएफ या खुल्या फाइल-प्रकारात द्या. २००६ पासून ते आयएसओचं आंतरराष्ट्रीय मानक आहे, आणि लिबरऑफिस या मोफत सॉफ्टवेअरमध्ये कोणालाही उघडता येतं.

सध्या एवढंच करा : निर्लेखनाच्या नमुन्यात एक रकाना वाढवा. ‘लिनक्सच्या लाइव्ह पेन ड्राइव्हवरून चालवून पाहिला का?’ त्यापुढे तपासणाऱ्याची सही आणि तारीख असू द्या.

आपला नम्र,
एका विद्यार्थिनीचा मामा