चि. छकुलीस पत्र

चि. छकुलीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

आई म्हणाली होती, लिहू नका काही, ती चिडेल. तरी लिहितोय. तुझ्या झोपेबद्दल मात्र एक अक्षर लिहिणार नाही, एवढं तिला कबूल केलंय.

निघताना चपला घालता घालता तू फोनवर वेबसाइटच्या कुठल्याशा गिऱ्हाइकाला म्हणालीस, "छोटासाच तर बदल आहे, रात्री करून देते." मी मध्ये बोललो. तू म्हणालीस, "बाबा, नोकरी वेगळी, धंदा वेगळा. इथे घड्याळ बघून चालत नाही." तेव्हा उत्तर सुचलं नाही. अगं, घड्याळ धंद्यातच बघावं लागतं. नोकरीत आमच्यासाठी ते दुसरं कोणीतरी बघायचं, भोंगा वाजला की सुटलो.

कारखान्याच्या कॉस्टिंगमध्ये, म्हणजे कशाला किती खर्च येतो ते काढण्यात, जन्म गेला माझा, त्यामुळे हिशेबानेच सांगतो. आठवड्याचे ४० तास धरले तर वर्षाचे २०८० होतात. सुट्या, आजारपण, माईआत्याकडचं जाणं-येणं धरून सहा आठवडे काढ, उरले १८४०. आता यातले पैसे मिळणारे तास किती? कोटेशन करणं, मेलला उत्तरं देणं, "फक्त पाच मिनिटं बोलू" म्हणून तासभर चालणारे कॉल, इन्व्हॉइस पाठवणं, मग पैशांसाठी आठवण करणं, नवीन सॉफ्टवेअर शिकणं. याचं बिल कोण भरतं? निम्मे तास असे जातात म्हण, हातात राहिले ९२०. तू तासाचा दर ठरवताना वर्षाला लागणाऱ्या पैशांना २०८० ने भागत असशील, तर खऱ्या दराच्या निम्म्याहूनही कमी पैशांत राबतेस. बरोबरचा आकडा सव्वादोन पट निघतो, करून बघ.

आमच्याकडे मशीनचा तासाचा दर काढताना ती देखभालीसाठी बंद राहते तो वेळही धरायचे. बंद मशीनला कोणी आळशी म्हणत नसे. तू स्वतःला तेवढीही सवलत देत नाहीस. रात्री एक वाजता उत्तर दिलंस की त्या माणसाला कळतं, ही एक वाजताही असते. मग तो एक वाजताच विचारतो. कोटेशनमध्ये लिही: दोन वेळा बदल करून मिळतील, तिसऱ्यापासून वेगळे पैसे. निम्मी रक्कम आधी. उत्तर देण्याची वेळ अमुक ते अमुक. ज्यांना हे पटत नाही त्यांना…

जाऊ दे, व्याख्यान झालं. माफ कर. वेबसाइट कशी करतात हे मला माहीत नाही आणि तुझ्या गिऱ्हाइकाशी कसं बोलायचं ते तुला माझ्यापेक्षा चांगलं कळतं.

सातवीत असताना वर्गातल्या पोरींच्या विज्ञानाच्या वह्यांमध्ये आकृत्या तू काढून द्यायचीस, आठवतं? हृदयाची आकृती, झडपांसकट. जेवणाच्या टेबलावर वह्यांचा ढीग असायचा, आणि दादा चिडवायचा की कारखाना उघडलाय. तपासणीच्या आदल्या रात्री सगळ्यांच्या वह्या पूर्ण होत्या, तुझीच राहिली होती. बाईंनी शेरा मारला, "काम अपूर्ण." तू रडली नाहीस. म्हणालीस, "पण बाकीच्यांच्या छान आल्यात ना." ती वही आईने ठेवली आहे. मला त्या शेऱ्याचा अजून राग येतो आणि तुझ्या त्या वाक्याची भीती वाटते. आता हे का लिहितोय कोण जाणे, सांगायचं होतं वेगळंच.

हां. २०२१ साली जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी मिळून एक अभ्यास प्रसिद्ध केला. आठवड्याला ५५ तास किंवा त्याहून जास्त काम करणाऱ्यांमध्ये, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी जास्त दिसला. दिवसाला आठ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा कारखान्यांसाठी १९१९ च्या पहिल्या आंतरराष्ट्रीय करारात घातली गेली, तीही कामगार कित्येक वर्षं भांडल्यावर. तुझ्याकडे मालकही तूच आणि कामगारही तूच. भांडणार कोणाशी? तुझ्या आजोबांचं कसं झालं ते तुला माहीत आहे, पुन्हा लिहीत नाही. पण तू झोपतेस कधी? आईला सांगू नकोस मी विचारलं म्हणून.

ते नवीन काम, बियाणेवाल्यांचं, मी पाहिलं. वाचनालयात तिघा-चौघांना मोबाइलवर दाखवलंही. एकाने विचारलं, मुलगी कुठे नोकरीला? मी म्हटलं, नोकरीला नाही, तिचा स्वतःचा व्यवसाय आहे. जरा मोठ्यानेच म्हटलं.

एक काम कर. महिनाभर फक्त नोंद ठेव, कुठला तास कशात गेला. सुधारू नकोस, लपवू नकोस, रात्रीचेही लिही. मला पाठव, तक्ता मी करतो. दर काय ठेवायचा तो तुझा प्रश्न, मी आकड्यांपुरता.

तुझा,
बाबा

ता. क. दादाच्या मित्राला दुकानाची वेबसाइट हवी आहे. "घरचंच काम आहे, ती करेल सावकाश," असं दादाने परस्पर कबूल करून टाकलं होतं. मी त्या मित्राला फोन करून सांगितलं की तिचं कोटेशन येईल, निम्मी रक्कम आधी. दादा फुगून बसलाय.