वहिनी, तुम्ही आखून दिलेल्या अंदमानच्या सहलीबद्दल

आदरणीय वहिनी,
सादर नमस्कार.

अंदमानहून परतल्यावर मी तुम्हाला फोन केला, तेव्हा "आभार कसले मानता भावोजी, दोन कागद तर खरडून दिले" असे म्हणून तुम्ही विषय बदललात आणि आमच्या नातीच्या पायाला कापले होते ते भरून आले का, याची चौकशी करू लागलात. म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे. इथे तुम्हाला विषय बदलता येणार नाही. दुसरे कारण असे की, मुले तिशी ओलांडून निरनिराळ्या गावी स्थिरावली आहेत आणि 'एकदा सगळ्यांनी मिळून कुठेतरी जाऊ' असे दर दिवाळीला म्हणून देवदिवाळीपर्यंत विसरले जाते, अशी आमच्यासारखी कुटुंबे पुष्कळ आहेत. त्यांना उपयोगी पडेल असे बरेच काही त्या दोन कागदांत होते.

आधी एक गोष्ट कबूल करतो, जी मी तुम्हाला सांगितली नव्हती. तीन वर्षांपूर्वी आम्ही सगळे चार दिवस तारकर्लीला गेलो होतो. त्या सहलीची आखणी मी बँकेत ऑडिटची तयारी करावी तशी केली होती. सकाळी सहाला चहा, साडेसातला सिंधुदुर्ग किल्ला, दहाला मालवणची बाजारपेठ, आणि प्रत्येक ओळीपुढे बरोबरची खूण करायला चौकोनही काढलेला. दुसऱ्या दिवशी मुलगा मीटिंग आहे म्हणून खोलीत बसून राहिला, तिसऱ्या दिवशी धाकटी मुलगी पुण्याला निघून गेली, आणि परतीच्या वाटेवर सौ.ने मला जे ऐकवले ते जाहीर पत्रात लिहिण्यासारखे नाही. त्यामुळे अंदमानचा विषय निघाला तेव्हा घरात उत्साहापेक्षा धास्ती अधिक होती.

साहेबांची आमच्या बँकेच्या पोर्ट ब्लेअरच्या शाखेत बदली झाली होती आणि तुम्ही दोघांनी तिथे पाच वर्षे संसार केला, हे आठवून मी तुमच्याकडे आलो. माझी अपेक्षा हॉटेलांची नावे आणि पाहण्यासारख्या ठिकाणांची यादी एवढीच होती. तुम्ही मात्र चहा पुढे ठेवून पहिला प्रश्न विचारलात, "नऊ माणसे जाणार म्हणता, त्यांपैकी विचारलेत कितीजणांना?" मी म्हणालो, सगळ्यांना विचारले, घरच्या ग्रुपवर तारखा टाकल्या आणि सगळ्यांनी अंगठा दाखवला. त्यावर तुम्ही हसलात आणि सांगितलेत की प्रत्येकाला वेगळा फोन करा आणि एकच विचारा, अशी कोणती एक गोष्ट आहे जी झाली नाही तर तुला वाटेल की उगाच आलो. ग्रुपवर विचारले तर सगळे 'काहीही चालेल' म्हणतात, आणि ज्यांना काहीही चालते ते तिथे गेल्यावर रुसतात, हे तुमचे म्हणणे मला तारकर्लीमुळे लगेच पटले.

आलेली उत्तरे मी एका वहीत लिहून घेतली आहेत. मुलाला स्कूबा डायव्हिंग करायचे होते. सुनेला दोन सकाळी गजराशिवाय उठायचे होते. मोठ्या मुलीला प्रवाळ पाहायचे होते आणि जावयांना रोज ताजी मासळी हवी होती. धाकटीने बराच वेळ घुटमळून सांगितले की तिला एक दिवस एकटीला हवा आहे. तो प्रश्न तिला वेगळा विचारला नसता तर हे ती कधीच बोलली नसती. विहीणबाई म्हणाल्या, "बोटीत उलटी होऊ नये, बाकी देवाची इच्छा." पाच वर्षांच्या नातीला खेकडा हवा होता. सौ.ला आठ दिवस 'आज जेवायला काय करायचे' हा प्रश्न कानावर यायला नको होता. माझी इच्छा तुम्हाला न सांगताच कळली होती.

या उत्तरांवरून तुम्ही जे सूत्र बसवून दिलेत ते इतके साधे होते की मला ते अपुरेच वाटले. दिवसातून एकच गोष्ट सर्वांनी मिळून करायची, रात्रीचे जेवण एकत्र घ्यायचे आणि मधला सगळा वेळ ज्याचा त्याचा. मी विचारले, मग एकत्र जाण्याचा उपयोग काय? तुम्ही म्हणालात, "भावोजी, दिवसभर एकत्र राहायला ती मुले आता तुमच्या घरात राहत नाहीत." हे वाक्य मला त्या दिवशी लागले होते, हेही आज सांगून टाकतो.

एकत्र करायची ती गोष्ट सकाळीच ठेवा, असा तुमचा आग्रह होता आणि त्यामागचे कारण मला तिथे पोहोचल्यावर नीट उमगले. अंदमान नाशिकच्या जवळजवळ १९ रेखांश पूर्वेला, पण घड्याळ आपल्यासारखेच. त्यामुळे फेब्रुवारीत तिथे पावणेसहाच्या आत सूर्य वर आलेला असतो आणि संध्याकाळी साडेपाचला तो बुडतोही. आम्ही म्हातारी माणसे पहाटे उठतोच, तर आमचा दिवस तिथे आयताच लांब होतो. तरुण मंडळी दहाला उठली तर त्यांचा अर्धा दिवस संपलेला असतो. तुमच्या कागदावर हॅवलॉक बेटावरच्या राधानगर किनाऱ्याबद्दल 'सूर्यास्तासाठी राधानगरला चारला पोहोचा, सहाला नव्हे' असे दोनदा अधोरेखित केले होते. आमच्यासमोर एक मोठा गट सव्वासहाला तिथे उतरला आणि अंधारात समुद्राचा नुसता आवाज ऐकून परत गेला.

बोटींबाबत तुम्ही सांगितलेला क्रम मी येथे मुद्दाम लिहितो, कारण तो उलटा केल्यामुळे अडचणीत आलेली दोन कुटुंबे आम्हाला धक्क्यावर भेटली. आधी विमान, मग बोट आणि शेवटी हॉटेल. आपण नेमके उलटे करतो. हॉटेलची छायाचित्रे पाहून खोल्या घेतो आणि मग कळते की त्या दिवशी नऊ जागा एका बोटीत शिल्लक नाहीत. खासगी बोटी हॅवलॉकला साधारण दीड-दोन तासांत पोहोचवतात, सरकारी बोटीला अधिक वेळ लागतो, पण तिचे भाडे बरेच कमी असते आणि तिच्यात बेटांवरच्या रहिवाशांचा हक्क आधी असतो, तो असायलाच हवा. हॅवलॉकचे स्वराज द्वीप आणि नीलचे शहीद द्वीप असे नामकरण २०१८ च्या डिसेंबरात झाले, पोर्ट ब्लेअरचे श्री विजयपुरम २०२४ मध्ये झाले. पण लोकांच्या तोंडी जुनी नावे अजून आहेत, तेव्हा तिकीट काढताना दोन्ही ठाऊक असावीत, ही तुमची सूचनाही उपयोगी पडली. जावयांनी एका संकेतस्थळावर स्वराज द्वीप आणि हॅवलॉक ही दोन वेगळी बेटे समजून दोन्हींची हॉटेले शोधली होती.

पैशांच्या बाबतीत तुम्ही बोललात त्याचे मोल मला सर्वांत जास्त वाटते. सगळा खर्च मीच करणार, असे मी ठरवून टाकले होते. निवृत्तीच्या वेळी मिळालेल्या रकमेतला काही भाग त्यासाठीच बाजूला ठेवला होता आणि त्यात माझा थोडा अभिमानही होता. तुम्ही म्हणालात, "सगळे पैसे तुम्ही दिलेत की वेळापत्रकही तुमचेच होणार, आणि ते तुम्हालाही कळणार नाही." मग असे ठरले की मुक्कामाचा खर्च आमचा, विमानाचा ज्याचा त्याचा, जेवणखाण आणि बोटींसाठी सर्वांनी सारखी वर्गणी काढायची आणि तिचा हिशेब धाकटीकडे. विहीणबाईंनी वर्गणी देण्याचा हट्ट धरला तेव्हा सून अवघडली होती. पण देऊ दिल्यावर त्या सहलीत पाहुण्यासारख्या राहिल्या नाहीत, हे मी पाहिले. चौथ्या दिवशी कोणत्या खानावळीत जायचे यावर त्यांनी माझ्याशी चक्क वाद घातला आणि त्या जिंकल्याही.

बाराटांग बेटावरच्या चुनखडीच्या गुहांबद्दल तुम्ही 'जा' किंवा 'जाऊ नका' असे काहीच सांगितले नाहीत. फक्त एवढे सांगितलेत की तो रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो, ठरावीक वेळी ताफ्यानेच गाड्या सोडतात, छायाचित्रे काढायला बंदी आहे, आणि त्या भागातून जाणारा हा रस्ता बंद करावा असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच दिला होता. मी हे सर्व जसेच्या तसे मुलांपुढे ठेवले. दोन रात्री त्यावर फोनवर चर्चा झाली. मुलगा जाऊ म्हणत होता, मोठी मुलगी आणि सून नको म्हणत होत्या, आणि अखेर त्यानेच 'माणसे पाहायला ताफ्यातून जायचे हे मलाही बरे वाटत नाही' असे सांगून तो दिवस काढून टाकला. पूर्वी मी हा निर्णय एकट्याने घेऊन सर्वांना कळवला असता. मुलांची अशी मते आहेत, हे मला तोवर माहीतच नव्हते.

सेल्युलर जेल पहिल्याच दिवशी ठेवा, ज्या गोष्टीसाठी जाता ती परतीच्या दिवसावर ढकलू नका, असे तुम्ही लिहिले होते. नाशिकच्या माणसाला तिथे जाताना काय वाटते ते तुम्हाला वेगळे सांगायला नको. सावरकरांचे भगूर आमच्या घरापासून अर्ध्या-पाऊण तासावर आहे, आणि १९०९ च्या डिसेंबरात कलेक्टर जॅक्सनचा वध झाला ते विजयानंद नाट्यगृह आमच्याच शहरातले. १९०६ मध्ये बांधून पुऱ्या झालेल्या त्या तुरुंगाच्या सात पाकळ्यांपैकी, म्हणजे मधल्या मनोऱ्यापासून फाकलेल्या इमारतींपैकी, आता तीनच उभ्या आहेत. एका कोठडीत एकच कैदी, आणि प्रत्येक पाकळीचे तोंड पुढच्या पाकळीच्या पाठीकडे, अशी ती रचना. बाबाराव आणि विनायकराव हे दोघे सख्खे भाऊ याच तुरुंगात होते, हे मी सांगितल्यावर माझी तिन्ही मुले एका ओळीतल्या एकेका कोठडीत जाऊन उभी राहिली आणि एकमेकांना हाका मारून आवाज पोहोचतो का ते पाहू लागली. मी काहीच बोललो नाही. खरे तर मी या ठिकाणी करायचे एक भाषण तयार करून आणले होते. ते खिशातच राहिले.

हॅवलॉकचे तीन दिवस भराभर गेले. मुलाचे स्कूबा झाले; पाण्याखाली गेल्यानंतर किमान १८ ते २४ तास विमानात बसू नये, म्हणून ते सहलीच्या मध्यावर घ्या, हे तुम्ही सांगितले नसते तर त्याने ते शेवटच्या दिवशी ठेवले असते. मला रक्तदाबाच्या गोळ्या चालू असल्याने मी काचेच्या तळाच्या बोटीतून प्रवाळ पाहिले आणि माझे समाधान झाले. धाकटी तिच्या हक्काच्या दिवशी भाड्याची स्कूटर घेऊन सकाळीच गेली ती अंधार पडल्यावर आली. कुठे गेली होतीस, हे मी विचारले नाही. रात्री जेवताना तिने आपणहून सगळे सांगितले. नातीने खिसाभर शिंपले जमवले होते. शंख, शिंपले, प्रवाळ काहीही बेटाबाहेर न्यायला परवानगी नाही, ही तुमची ओळ सुनेने तिला वाचून दाखवली, तेव्हा तिने एकेकाचा निरोप घेऊन ते पाण्यात सोडले. त्याच कार्यक्रमात पायाला कापले.

नीलहून परतायच्या दिवशी मात्र आमची बोट यंत्रातल्या बिघाडामुळे ऐनवेळी रद्द झाली आणि धक्क्यावर एकच गोंधळ उडाला. परतीचे विमान दुसऱ्या दिवशी पहाटे असते तर नऊ तिकिटे बुडाली असती. तुम्ही मात्र शेवटचा एक पूर्ण दिवस पोर्ट ब्लेअरला 'काहीही न करण्यासाठी' राखून ठेवायला लावला होता, ज्याला मी आखणी करताना उधळपट्टी म्हटले होते. तो दिवस आम्ही नीललाच काढला आणि दुसऱ्या दिवशी सरकारी बोटीने निघालो. त्या जादा रात्री पाचऐवजी तीनच खोल्या मिळाल्या. तिन्ही भावंडे आणि नात एका खोलीत झोपली, निदान झोपायला गेली, कारण त्यांच्या हसण्याचा आवाज भिंतीपलीकडे रात्री एकपर्यंत येत होता. तारकर्लीच्या वेळापत्रकाची नक्कल करत होते, असे सौ.चे म्हणणे आहे. ते खरे असावे.

आता एकच काम राहिले. निघताना तुम्ही विहीणबाईंसाठी आवळासुपारीचा जो पितळी डबा दिला होतात, त्याने चारही वेळच्या बोटीत आपले काम चोख बजावले. परतीच्या बोटीत तर शेजारच्या बाकावरच्या एका बंगाली आजींनीही त्यातली सुपारी मागून घेतली. डबा घासून पुसून ठेवला आहे आणि तो द्यायला आम्ही दोघे येत्या रविवारी सकाळी येत आहोत. त्यात सौ.ने केलेल्या ओल्या नारळाच्या वड्या असतील. त्या आभाराच्या नाहीत, तेव्हा नको म्हणू नका; दुसऱ्याचा डबा रिकामा परत देत नाहीत, एवढ्यासाठीच त्या भरल्या आहेत.

साहेबांना नमस्कार.

आपला,
साहेबांचा बँकेतला जुना सहकारी