घर घेण्याआधी एक पावसाळा

बेळगाव

चि. बाळास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. पुणे सोडून येथील उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतील नोकरी धरायचे तू ठरवलेस, ही बातमी तुझ्या आईने एव्हाना साऱ्या गल्लीला सांगितली आहे. छकुली जूनमध्ये पहिलीला बसणार, तेव्हा शाळा चांगली आणि घर परवडणारे, असे दोन्ही कोठे जमेल, असे तू विचारले आहेस.

चांगल्या शाळा टिळकवाडी आणि कँप भागात दाटीने आहेत, आणि नेमक्या त्याच कारणाने तेथील जागा आपल्या आवाक्यात राहिलेली नाही. मराठी विद्यानिकेतन किंवा ज्ञान प्रबोधन मंदिर यांच्या दाराशी घर मिळणार नाही, हे एकदा मान्य केले की विचार करायचा तो पोरीच्या रोजच्या वाटेचा. अनगोळ किंवा मजगावात राहिलास तर उद्यमबाग तुला अगदी जवळ पडेल. परंतु तिला कँपातील शाळेत घातलेस तर रोज रेल्वेरूळ ओलांडणे आले, आणि रिक्षा गेटवर अडकली की प्रार्थना चुकलीच म्हणून समज. गणेशपूर-हिंडलग्याकडून कँपात येताना रूळ आडवे येत नाहीत. फेरा पडेल तो तुला, तिला नव्हे. म्हणून माझा कल तिकडे आहे.

वडगाव-शहापूरच्या खालच्या अंगाला स्वस्त प्लॉट दाखवतील. ते मे महिन्यात पाहू नकोस. बळ्ळारी नाला जुलैमध्ये शिवारात कोठवर पसरतो, हे तेथील शेतकऱ्यांना विचार. ज्या वावरांतील बासमतीचा वास रस्त्यापर्यंत येई, तेथे आता चुन्याच्या रेघा दिसतात. पण ते असो.

खरी जपायची गोष्ट कागदाची आहे. आपल्याकडे शेतजमिनीचे गुंठे पाडून नुसत्या बाँडवर, म्हणजे स्टँप पेपरवर, विकण्याची जुनी खोड आहे. गुंठा 1089 चौरस फुटांचा, तीस बाय चाळीसचा प्लॉट 1200 चौरस फुटांचा. एवढा हिशोब कोणीही करतो, परंतु जमीन एन.ए., म्हणजे बिगरशेती, आहे का आणि लेआऊटला ‘बुडा’ची, म्हणजे बेळगावच्या नगरविकास प्राधिकरणाची, मंजुरी आहे का, हे विचारायला माणूस लाजतो. मीही एकदा लाजलो होतो. एका दलालाच्या शब्दावर बाँड करून घेतला, बँकेने त्यावर कर्ज नाकारले आणि इसाऱ्याचे पैसे तीन वर्षांनी, तेही अर्धेच, परत आले. पंचायत हद्दीतील जागा असेल तर ई-स्वत्तूचा, म्हणजे पंचायतीच्या संगणकीय मालमत्ता-नोंदीचा, नमुना 9 आणि 11 माग. 11 मध्ये ‘अ’ आहे की ‘ब’, हे अक्षर नीट पाहा, कारण मंजूर नसलेल्या जागेला ‘ब’ देतात. सब-रजिस्ट्रार कचेरीचा मागील वर्षांचा बोजा दाखला, म्हणजे जागेवर कोणाचे कर्ज किंवा हक्क आहे का ते दाखवणारा कागद, तू स्वतः काढ. विकणाऱ्याने पुढे केलेली झेरॉक्स चालणार नाही.

हे सारे कागद कन्नडमध्ये असतात आणि तू माझ्याचसारखा अडखळत वाचणारा, हे मला ठाऊक आहे. छकुलीचे माध्यम मराठी असावे की इंग्रजी, हे तू आणि सूनबाई ठरवा. मराठी ठेवलेत तर मला बरे वाटेल, एवढेच सांगतो. माध्यम कोणतेही असले तरी 2015 च्या कायद्याप्रमाणे तिला कन्नड पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून शिकावी लागेलच. तेव्हा शाळा पाहायला जाशील त्या दिवशी इमारत आणि मैदान यांच्याबरोबर कन्नड शिकवणाऱ्या बाईंनाही भेट. घरी मराठी बोलणाऱ्या मुलांना त्या अक्षरओळख कशी करून देतात, हे विचार. तुझ्या वेळी मी ते विचारले नाही.

माझे ऐकशील तर यंदा विकत घेऊच नकोस. गणेशपुरात भाड्याने राहा आणि एक पावसाळा जाऊ दे. नळाला पाणी किती दिवसाआड येते, शाळेची रिक्षा सकाळी किती वाजता दारात उभी राहते, पावसात गल्ली कशी होते, हे तेथे राहिल्यावाचून कळत नाही. आगाऊ रक्कम कमी पडली तर कळव.

हिंडलग्याच्या ज्या प्लॉटविषयी लिहिले आहेस, त्याचा उतारा मला पाठव. शेजारचे निवृत्त तलाठी कन्नड उत्तम जाणतात. त्यांच्याकडून ओळीने ओळ वाचून घेतो. तोवर कोणालाही इसारा देऊ नकोस.

तुझा,
बाबा