कुकरच्या शिट्टीसकट थँक्यू, काकू

काकू, नमस्कार.

समोर येऊन काही बोलायला गेलं की तुम्ही "आभार कसले गं, आधी ते मागचं पुस्तक आण" म्हणून मला उडवून लावता, म्हणून म्हटलं आता सगळ्यांदेखत लिहूनच टाकावं. (पुस्तक आणते. शनिवारी नक्की.)

जूनमध्ये तुमच्या लायब्ररीत आले तेव्हा मी पार वैतागलेली होते. सहावीचा वर्ग, ५२ पोरं, आणि वर्गातल्या कपाटात पुस्तकं इतकी नवीकोरी की पानंसुद्धा एकमेकांना चिकटलेली. मी तुमच्याकडे फक्त यादी मागितली होती. तुम्ही यादी राहिली बाजूला, मलाच विचारलंत, "तू लहान मुलांचं पुस्तक शेवटचं कधी वाचलंस?" आणि माझी बोलतीच बंद. कारण पोरांना मी जी पुस्तकं वाचा वाचा म्हणून सांगत होते ती मी स्वतः सातवीत असताना वाचलेली, त्यातलं निम्मं मला आठवतही नव्हतं.

मग तुम्ही हातात फास्टर फेणे ठेवलात, पीएमपीच्या बसमध्ये उभ्याने वाचला, आणि वाचता वाचता लक्षात आलं की अरे हा तर आमच्या इथला, फुरसुंगीचा! आमची शाळा हडपसरला, फुरसुंगीची पोरं वर्गात ढिगाने. वर्गात नाव घेतलं मात्र, मागच्या बाकावरून "मॅडम आमचं गाव!" आणि लगेच दुसऱ्याचा प्रश्न की फेणेनं शिकायला पुण्यात येऊन राहायचं कशाला, बस येते की. त्यावर अर्धा तास गेला, सायकलींच्या पुण्याबद्दल बोलण्यात, आणि भूगोल राहिला तो राहिलाच.

पण खरे आभार वेगळ्याच गोष्टीचे आहेत. वर्गात आठ-दहा पोरं अशी आहेत की जोडाक्षर आलं की थांबतात, आणि वाक्याच्या शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात विसरलेली असते. त्यांना पुस्तक द्यायचं म्हणजे शिक्षाच. तुम्ही म्हणालात, ऐकव. मी म्हटलं काकू ही तर चीटिंग झाली. तर तुम्ही चष्म्यावरून बघत, "श्रावणात तुझी आजी देवळात पोथी ऐकायला बसायची, ती काय चीटिंग करायची का?" यावर मी काय बोलणार. आणि वर हेही सांगितलंत की बोक्या सातबंडे आधी आकाशवाणीवर होता आणि पुस्तक नंतर झालं. हे मला खरंच माहीत नव्हतं.

पहिले दोन प्रयोग फसले हे तुम्हाला सांगितलं नव्हतं. मोबाईलचा आवाज पंख्यातच विरला. मग घरचा ब्लूटूथ स्पीकर नेला तर टेबलावर ठेवल्यामुळे पुढच्या तीन रांगांनाच ऐकू येत होतं, आता मधल्या बाकावर ठेवते. स्पीड कमी करून बघितला तर वाचणारा झोपेतून उठल्यासारखा वाटायला लागला आणि पोरं जी हसत सुटली ती हसतच राहिली. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर मराठी गोष्टी फुकट आहेत आणि काहींमध्ये आवाजाबरोबर शब्द रंगत जातात, ते छान चाललं, पण गोष्टी छोट्या. माझ्या पोरांना लांबलचक काहीतरी हवं होतं, रोज पुरवून पुरवून खायला.

तेव्हा तुम्ही तोत्तोचान, म्हणजे त्या जपानी शाळकरी मुलीची खरीखुरी गोष्ट, वाचून पाठवायला लागलात. व्हॉट्सॲपवर, दहा-बारा मिनिटांचे तुकडे, मागे तुमचा कुकर. चेतना सरदेशमुख गोसावींचा अनुवाद वाचायला आधीच सोपा, त्यात तुमचा आवाज. लायब्ररीच्या आणि माझ्या मिळून सहा प्रती, एकेका प्रतीवर आठ-नऊ डोकी, आणि बोट ओळीवरून आवाजाबरोबर सरकतंय. रेल्वेच्या डब्यातल्या शाळेवर तर पोरं इतकी फिदा की आपल्या शाळेला डबा मिळेल का म्हणून अर्ज लिहिलाय, शुद्धलेखनाच्या सतरा चुका, पण अर्ज स्वतःहून लिहिलाय हो! पोलिओ झालेल्या यासुआकीचानला ती झाडावर चढवते ते प्रकरण लावलं तेव्हा वर्गात पंख्याचाच काय तो आवाज. ती शाळा १९४५ मध्ये बॉम्बहल्ल्यात जळाली हे मला आधीपासून माहीत आहे, पोरांना अजून नाही, आणि ते प्रकरण लावायचं धाडस माझ्यात नाहीये.

तुमची ती युक्ती पण जमली. ऐन रंगात आलं की ऑडिओ बंद करायचा, पुस्तक टेबलावर उघडंच ठेवायचं आणि मस्टरवर सही करायला निघून जायचं. परवा परत आले तर वर्षभर वाचताना तोंड न उघडणारा एक मुलगा टेबलाशी उभा, बोट ओळीवर, आणि तीन-चार जण त्याच्या भोवती, "पुढं वाच ना". अडखळत होता, पण वाचत होता. मी दारातूनच मागे फिरले, सही दुसऱ्यांदा करायला गेले म्हणा.

तर काकू, खूप खूप थँक्यू. पुढचं प्रकरण जमलं तर सोमवारच्या आत पाठवा. आणि पोरांनी विचारायला सांगितलंय, मागच्या ऑडिओत तिसरी शिट्टी झाल्यावर तुम्ही "एक मिनिट हं" म्हणून उठलात, तर कुकरमध्ये होतं काय? वर्गात पैज लागलीय, अर्धे वरणभात म्हणतायत, अर्धे बटाटे.

तुमची,
सहावीच्या मॅडम