भिंतीचं तोंड बंद करू नकोस

ठाणे, १८ जानेवारी

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

फोटो पाहिले. चेंदणीच्या घराची ओल धरलेली विटांची पश्चिमेची भिंत, तू म्हणतोस तसे वॉटरप्रूफ रंगाचे दोन हात मारून बरी होणार नाही. नैर्ऋत्येचा पाऊस थेट तिच्यावर येतो आणि पाणी शिरतं ते बहुतेक दरजांतून, म्हणजे विटांमधल्या सांध्यांतून. रंगाचा पापुद्रा बसला की आत शिरलेलं पाणी बाहेर वाळत नाही, क्षार त्याच्यामागे साठतात आणि विटेचा चेहराच सोलून निघतो. आपल्याकडे विटेतल्या पाण्याचा बर्फ होऊन वीट फुटत नाही, पण मीठ तेच काम करतं.

आधी पन्हळ आणि वळचण बघ. पागोळ्या भिंतीवर पडत असतील तर पुढचं सगळं फुकट.

मग दरजा. खिळ्याने खरवड, चुना पिठासारखा गळला तर तो मेला. छिन्नीने २० ते २५ मिलिमीटर खोल काढ. ग्राइंडर नको, विटांच्या कडा जातात. विटांवर आलेली क्षारांची पांढरी भुकटी कोरड्या ब्रशने झाडायची. पाण्याने धुतलीस की क्षार परत आत जातात. अ‍ॅसिड तर नाहीच. दरजा भरायला मुरवलेला चुना १ भाग, सुरखी (विटांची भुकटी) १, धुतलेली वाळू २. खाडीची वाळू कुणी स्वस्तात देईल, घेऊ नकोस, तिच्यात मीठच असतं. सिमेंटचा आग्रह मिस्त्री नक्की धरेल. जुन्या मऊ विटेपेक्षा सिमेंट कडक असतं. ओल विटेतूनच वाट काढते आणि दोन-चार पावसाळ्यांत दरज शाबूत, वीट खाल्लेली. भरण्याआधी विटा भिजव, नंतर आठवडाभर ओलं गोणपाट ठेव.

मग चार आठवडे भिंत वाळायला दे. मार्चमध्ये सिलेन-सिलोक्सेनचं पाणी-प्रतिबंधक मार. ते थर धरत नाही, विटेत मुरतं आणि वाफ बाहेर जाऊ देतं. कमी दाबाच्या पंपाने खालून वर, ओघळ वीतभर उतरेल इतकं. पहिला हात ओला असतानाच दुसरा. अशा शोषक विटेला ४०० चौरस फुटांना २० लिटर धर, पण आधी दोन बाय दोन फुटांचा तुकडा करून अंदाज घे. काचा प्लास्टिकने झाक, वाळलेले थेंब सहजी निघत नाहीत. मोठ्या भेगा मात्र याने भरत नाहीत.

जोत्याजवळची ओल जमिनीतून चढते, तिला हे औषध नाही. तिथले पेव्हर काढून उतार भिंतीपासून बाहेर दे. मिस्त्रीचा दर आला की कळव.

तुझा,
अविनाश